उन्हात उडणारं क्लोरीन : सोलापुरातल्या उघड्या स्विमिंग पूलसाठी

विजापूर रोडला आमच्या वसाहतीत एक लहानसा पूल आहे. १६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, एका टोकाला ०.९ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.६ मीटर खोल. डोक्यावर छप्पर नाही. त्याच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, त्या पहिल्याच एप्रिलमध्ये ऑपरेटर मामा एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. "मालक, रातच्याला अख्खं माप टाकलंय. सकाळी टेस्टला रंग आला, दुपारी बघतो तर पाणी कोरं. औषध डुप्लिकेट हाय का काय?"

औषध चांगलं होतं. ते उन्हात उडून जात होतं. त्या वर्षी आम्ही उन्हाच्या मागे धावत दिवसातून दोनदा क्लोरीन ओतलं. पुढच्या वर्षी कुणीतरी सुचवल्यावरून क्लोरीनच्या गोळ्या सुरू केल्या आणि उलट्या संकटात सापडलो. मीटर क्लोरीन ३ दाखवत होतं, तरी भिंतीला शेवाळ धरत होतं. शेवटी ऐन मे महिन्यात ८०,००० लिटर पाणी सोडून द्यावं लागलं आणि १०,००० लिटरचे आठ टँकर मागवावे लागले. ज्या शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तिथे ते पाणी गटारात जाताना बघवत नव्हतं. तेव्हापासून माझं गणित पक्कं झालं आहे. सोलापुरात क्लोरीन स्वस्त आहे, पाणी महाग आहे. उन्हापासून क्लोरीन वाचवायचं, पण ते वाचवताना पूलचं पाणी फेकायची वेळ येता कामा नये. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

ऊन नेमकं काय करतं

हायपो (द्रव क्लोरीन) टाका, ब्लीचिंग पावडर टाका किंवा गोळ्या टाका, पाण्यात विरघळल्यावर त्यातून दोन रूपं तयार होतात. एक हायपोक्लोरस आम्ल, दुसरं हायपोक्लोराइट. जंतू मारायचं खरं काम पहिलं रूप करतं. दोघांचं प्रमाण पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. पीएच ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मी-निम्मी असतात. पीएच ८ ला गेला की कामाचं रूप जेमतेम पाव हिश्श्यावर येतं.

यातलं हायपोक्लोराइट उन्हाला फार लवकर बळी पडतं. ते २९२ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण सर्वांत जास्त शोषतं, आणि जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाची सुरुवात साधारण तिथूनच होते. किरण शोषला की रेणू फुटतो आणि मागे साधं क्लोराइड उरतं. ते मिठातलंच क्लोराइड, निरुपद्रवी पण निकामी. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात, काहीही संरक्षण नसेल, तर अर्धं क्लोरीन पाऊण तासाच्या आत संपू शकतं. पाणी उथळ असेल तर आणखी लवकर, कारण खोल पाण्यात वरचा थर खालच्याला थोडी सावली देतो. म्हणून लहान मुलांचा पूल सगळ्यात आधी कोरा होतो.

त्यात आपलं सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर. १० ते १२ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी जाते. पारा चाळिशीच्या पार, आकाशात ढगाचा ठिपका नाही. उघड्या पूलसाठी याहून कठीण दिवस नाहीत.

आधी खात्री करा, चोर ऊनच आहे ना

क्लोरीन दोन वाटांनी संपतं. एक ऊन, दुसरी घाण : घाम, लघवी, तेल, पालापाचोळा, धूळ, शेवाळ. उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून हा भाग वगळू नका.

सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका, पंप तासभर फिरवा आणि मोजा. मग पहाटे, पाण्यावर ऊन पडायच्या आधी पुन्हा मोजा. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा (हजार लिटरला १ ग्रॅम) जास्त घट झाली असेल, तर पाण्यात घाण आहे. रात्री ऊन नसतं, त्यामुळे उन्हाला दोष देता येत नाही. अशा वेळी स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासून क्लोरीन राखणारी पावडर, टाकून काही उपयोग नाही. आधी भिंती घासा, फिल्टर बॅकवॉश करा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा) आणि पाणी स्वच्छ होऊन रात्रीची घट थांबेपर्यंत क्लोरीन चढं ठेवा, तोवर पोहणं बंद.

रात्री घट नाही आणि दिवसा मात्र क्लोरीन गायब, तर चोर ऊन. शंका असेल तर दोन बादल्यांचा प्रयोग करा. पूलचं पाणी दोन सारख्या बादल्यांत भरा, एक भर उन्हात उघडी ठेवा, दुसरी झाकून सावलीत. तासाने दोन्ही मोजा. आमच्या समितीतल्या मंडळींना मी हा प्रयोग प्रत्यक्ष दाखवला. सावलीतल्या नळीत गुलाबी रंग होता, उन्हातली नळी पाण्यासारखी. त्यानंतर झाकणाच्या खर्चाला कुणी नाही म्हटलं नाही.

मोजायचं साधन

बऱ्याच ठिकाणी अजून पिवळा रंग देणारं ओटीओ वापरतात. ते एकूण क्लोरीन दाखवतं, म्हणजे घामाशी बांधलं गेलेलं निकामी क्लोरीनसुद्धा त्यात येतं. गुलाबी रंग देणारी डीपीडी टेस्ट घ्या. तिच्यात मुक्त क्लोरीन वेगळं दिसतं. एक धोका लक्षात ठेवा. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणात उडून नळी कोरी दिसते आणि ऑपरेटर "शून्य आहे" समजून आणखी ओततो. संशय आला तर नमुन्यात निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा बघा.

याशिवाय पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) आणि स्टॅबिलायझर या तीन टेस्ट लागतात. स्टॅबिलायझरची टेस्ट बहुतेकांकडे नसते, आणि सगळं नुकसान तिथेच होतं. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पाण्याचं माप

अंदाजाने चालणार नाही, टेप घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. उताराचा तळ असेल तर उथळ आणि खोल टोकांची बेरीज करून निम्मी करा. आमचा पूल १६ × ६ × १.२५, म्हणजे १२० घनमीटर, अर्थात १,२०,००० लिटर. बॅलन्सिंग टँक (पूलमधून उसळलेलं पाणी जमा होणारी टाकी) असेल तर त्यातलं पाणीही धरा.

आता एकच गोष्ट पाठ करायची : १,००० लिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. आमच्या पूलमध्ये १ पीपीएम वाढवायला १२० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. पुढचा सगळा हिशेब यातूनच निघतो. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.

स्टॅबिलायझर : ढाल किती जाड हवी

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड, पांढरी दाणेदार पावडर. ते क्लोरीनला सैल मिठी मारून धरतं. धरलेल्या क्लोरीनला सूर्याचे किरण सहज फोडू शकत नाहीत. पाण्यातलं मोकळं क्लोरीन जंतूंवर खर्च झालं की मिठीतलं थोडं सुटतं आणि त्याची जागा घेतं. भांडारातून रोज लागेल तेवढाच शिधा काढावा, तसं.

पण याच कारणाने क्लोरीन मंदही होतं. ३०-४० पीपीएम स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात ९५ टक्क्यांहून जास्त क्लोरीन मिठीत असतं, आणि डीपीडी टेस्ट मिठीतलंही मुक्त म्हणूनच मोजते. म्हणून मीटरवर ३ दिसूनही आमच्या भिंतीवर शेवाळ वाढलं. आमच्याकडे तेव्हा स्टॅबिलायझर १२० च्या घरात होतं. ३ पीपीएम क्लोरीन त्या गर्दीत अक्षरशः हरवून गेलं होतं.

यावर वापरायला सोपा नियम आहे. मुक्त क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवं. स्टॅबिलायझर ३० असेल तर क्लोरीन २.३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, ४० असेल तर ३, ५० असेल तर पावणेचार. १०० झालं की साडेसात लागतं, आणि तेवढं रोज राखणं आपल्याकडच्या कुठल्याच पूलला परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही १०० पीपीएमच्या वर जाऊ नये असं सांगितलं आहे.

सोलापूरच्या उघड्या पूलसाठी मी ३० ते ४० धरतो. दुपारी झाकण घालणार असाल तर ३० पुरतं. ५० च्या वर मुद्दाम कधीच नेऊ नका. ढालीचा मोठा फायदा पहिल्या २०-३० पीपीएममध्येच मिळतो. त्यापुढे फायदा थोडा थोडा वाढतो आणि क्लोरीनची धार बोथट होत जाते. मिठावर चालणारं क्लोरिनेटर मशीन असेल तर बनवणारे बहुधा ६० ते ८० सांगतात, त्यांनी मशीनच्या माहितीपत्रकाप्रमाणे चालावं. छपराखालच्या पूलला स्टॅबिलायझरची गरजच नाही.

इथे एक सूचना पोटतिडकीने देतो. सायन्युरिक ॲसिड कारखान्यात युरिया तापवून बनवतात. हे कुठेतरी ऐकून एका फार्महाउसवर थेट खताचा युरिया पाण्यात टाकायचा विचार चालला होता. तसं कदापि करू नका. युरिया म्हणजे घामातला आणि लघवीतलाच पदार्थ. तो क्लोरीन खातो आणि डोळे चुरचुरवणारे, वास मारणारे क्लोरामाइन तयार करतो.

स्टॅबिलायझर टाकायची रीत

आमच्या पूलला शून्यापासून ४० पर्यंत न्यायचं तर ४० × १२० = ४,८०० ग्रॅम, म्हणजे ४.८ किलो लागतं. पण एकदम टाकू नका. आधी ३० च्या हिशेबाने ३.६ किलो टाका, आठवड्याने मोजा, मग उरलेलं ठरवा. कमी पडलं तर केव्हाही वाढवता येतं. जास्त झालेलं पाणी फेकल्याशिवाय निघत नाही.

ही पावडर बादलीत कालवून ओतायच्या फंदात पडू नका. एका लिटर पाण्यात ती जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, म्हणजे ४.८ किलो विरघळवायला जवळपास २,००० लिटर पाणी लागेल. ओतलेली पावडर तळाशी बसते आणि तिथेच पडून राहते. जुने जाड मोजे किंवा सुती कापडाची पिशवी घ्या, दोन-दोन किलो भरून तोंड घट्ट बांधा आणि जिथून फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं, त्या रिटर्नच्या तोंडासमोर टांगा. पंप चालू. दर काही तासांनी पिशवी पाण्यातच हाताने चुरा, हातात रबरी मोजे घालून. दोन दिवसांत बहुतेक सगळी विरघळते, पण टेस्टमध्ये पूर्ण आकडा दिसायला आठवडा जाऊ शकतो. त्या काळात बॅकवॉश करू नका, न विरघळलेले कण फिल्टरच्या वाळूत अडकलेले असतील तर बाहेर वाहून जातील. पिशवी मुलांच्या हाती लागणार नाही अशी बांधा, पोहायच्या वेळेत काढून ठेवलेली बरी.

हे आम्लच आहे, त्यामुळे पीएच थोडा उतरतो. बोअरच्या पाण्याला त्याने फरक पडत नाही, उलट मदतच होते. अल्कलिनिटीचा आकडा मात्र स्टॅबिलायझरमुळे फुगलेला दिसतो. पीएच ७.५ च्या आसपास असेल तर स्टॅबिलायझरचा एक तृतीयांश त्यातून वजा करून खरा आकडा धरा.

स्टॅबिलायझर मोजताना होणारी चूक

या टेस्टमध्ये पूलच्या पाण्यात मेलामाइनचं द्रावण मिसळतात. पाणी दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतत जायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की उंचीचा आकडा वाचायचा. पट्ट्यांवर या एका बाबतीत विश्वास ठेवू नका.

मेमध्ये पूलचं पाणी ३० अंशांच्या वर असतं आणि कोमट नमुन्यात आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तुम्ही "कमी आहे" म्हणून आणखी टाकता, फसगत तिथेच होते. नमुना बाटलीत भरून घरात ठेवा, २५ अंशांच्या आसपास आला की टेस्ट करा. वाचताना उन्हाकडे पाठ करून उभे राहा, नळी कमरेच्या उंचीवर आपल्या सावलीत धरा आणि ठिपक्याकडे टक लावून बघू नका. एक नजर टाकून निर्णय घ्या, डोळा खिळवला की ठिपका "दिसतोच" असं वाटत राहतं. आकडा १०० च्या वर वाटला तर नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळा आणि आलेलं उत्तर दुप्पट करा.

महिन्यातून एकदा ही टेस्ट पुरे. गोळ्या वापरत असाल तर दर पंधरा दिवसांनी.

कोणतं क्लोरीन घ्यायचं

बाजारात टीसीसीए ९० नावाने ज्या गोळ्या आणि दाणे मिळतात, त्यांच्यात क्लोरीन आणि स्टॅबिलायझर जोडीनेच असतं. दुकानदार हे सांगतोच असं नाही, आम्हाला तरी कुणी सांगितलं नव्हतं. या गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन घातलं की ६ पीपीएम स्टॅबिलायझर आपोआप पडतो. रोज २ पीपीएम घालत असाल तर महिन्याला ३६. मार्चअखेर सुरू केलेल्या गोळ्या जूनअखेर १०० पार करतात. अशाच जोडीच्या एसडीआयसी पावडरचं प्रमाण याहून जास्त, १० पीपीएमला ९.

तरी गोळ्या वाईट नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला पाणी नवं असेल तर पहिला महिना गोळ्यांवरच काढा, क्लोरीनही मिळेल आणि ढालही तयार होईल. स्टॅबिलायझर ३५ च्या आसपास आला की गोळ्या बंद करून हायपोवर या. आम्ही आता हेच करतो, वेगळी स्टॅबिलायझर पावडर घ्यावीच लागत नाही. फक्त गोळ्या संथ विरघळतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात क्लोरीन कमी पडलं तर थोडा हायपो जोडीला लागतो, पण दोन्ही एकाच वेळी एकाच जागी टाकायचं नाही.

कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ब्लीचिंग पावडर यांत स्टॅबिलायझर नसतो, पण चुना असतो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी मुळातच जड. त्यात रोज २ पीपीएम क्लोरीन कॅल्शियम हायपोने घातलं तर महिन्याला ४० पीपीएमहून थोडी जास्त कठीणता वाढते. टाइल्सच्या कडेला बसणारी पांढरी खरवड, फिल्टरच्या वाळूचे गठ्ठे, सगळं तिथून येतं. म्हणून बोअरवर चालणाऱ्या पूलसाठी माझी पसंती द्रव हायपोला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटला. १० टक्क्यांच्या हायपोच्या एका लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम क्लोरीन. आमच्या पूलला २ पीपीएमसाठी २४० ग्रॅम, म्हणजे २.४ लिटर. कॅल्शियम हायपो ६५ टक्के असेल तर तेवढ्याच कामाला ३७० ग्रॅम.

हायपोचा कॅन मात्र उन्हात पूलइतकाच मरतो. पत्र्याच्या पंपरूममध्ये मे महिन्यात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत चांगलाच उतरतो आणि मग माप पूर्ण टाकूनही आकडा येत नाही. दोन-तीन आठवड्यांपुरताच साठा घ्या, भिंतीच्या सावलीत, ओल्या पोत्याने झाकून, वारा खेळेल अशा जागी ठेवा. कॅनवर आणल्याची तारीख लिहा.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून पंपरूममध्ये लावा : टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपो कधीही एकत्र करायचं नाही. एकाच डब्यात नाही, एकाच फीडरमध्ये नाही, एकाच चमच्यानेही नाही. ही जोडी पेट घेते, स्फोट होऊ शकतो, विषारी वायू सुटतो. ॲसिड आणि हायपोही एकमेकांना लागू देऊ नका. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधी ओतायचं नाही.

पीएच

७.२ ते ७.६ राखा. पीएच वर गेला की उन्हात फुटणारं रूप वाढतं, क्लोरीनची मारक शक्तीही घटते, दोन्हीकडून तोटा. बोअरच्या पाण्याने तो सतत वर जातो, कारंजं चालू असेल तर आणखी, कारण पाणी उडालं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. दुपारी कारंजं बंद ठेवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं, खोल टोकाला, पंप चालू असताना, क्लोरीन टाकल्यावर निदान दोन-तीन तासांच्या अंतराने.

दुपारचं झाकण

माझ्या मते सोलापुरात सगळ्यात जास्त फायदा झाकणाचा होतो, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. आपल्याकडे लोक पोहतात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. दहा ते चार पूलवर चिटपाखरू नसतं, आणि ऊन सगळ्यात जास्त मारतं ते याच वेळेत. या सहा तासांत पाणी झाकलेलं असेल तर क्लोरीन वाचतं, वर पाणीही उडत नाही. पाण्याची पातळी दिवसात १० मिलिमीटर उतरली, तर आमच्या ९६ चौरस मीटरच्या पूलमधून ९६० लिटर गेलं. महिन्याला जवळपास तीन टँकर. तुमचं किती उडतं ते बघायचं असेल तर एक बादली पाण्याने भरून पूलच्या पायरीवर ठेवा आणि दोन्ही पातळ्यांवर खूण करा. चार दिवसांनी दोन्ही सारख्या उतरल्या असतील तर पाणी नुसतं उडतंय. पूलची जास्त उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे.

कापड अपारदर्शक हवं. शेततळ्याला जो जाड प्लास्टिकचा कागद घालतात, तो आपल्या जिल्ह्यात सहज मिळतो आणि छोट्या पूलला चालतो. मोठ्या पूलला दोन-तीन तुकडे करा, नाहीतर ओढायला चार माणसं लागतात. गुंडाळायला एका बाजूला पाइपचा रोलर बसवून घ्या.

झाकणाचे नियम कडक ठेवा. घातलं तर पूर्ण घालायचं. अर्धवट झाकलेल्या पूलमध्ये मूल शिरलं तर वरून दिसणार नाही. झाकण असताना फाटकाला कुलूप. काढल्यावर पाणी तासभर मोकळं राहू द्या, म्हणजे साठलेला वायू निघून जाईल, मगच लोकांना आत सोडा. आणि दर आठवड्याला झाकण धुवा, नाहीतर त्याच्यावरची धूळच क्लोरीन खायला पाण्यात उतरते.

झाकण शक्य नसेल तर शेडनेट. नर्सरीवाले वापरतात तीच, ७५ टक्क्यांची हिरवी किंवा काळी जाळी, जीआय पाइपच्या सांगाड्यावर. निदान मुलांच्या उथळ भागावर तरी टाकाच. वळवाचा वारा जाळी उचलतो, म्हणून बांधणी मजबूत हवी. सावलीसाठी काठावर कडुनिंब लावायची कल्पना गोड वाटते, पण पानगळ आणि फुलोरा पाण्यात पडून सावलीने वाचवलेलं क्लोरीन खाऊन टाकतात.

रोजचा क्रम

संध्याकाळी शेवटचा पोहणारा बाहेर पडला आणि ऊन गेलं की मोजा, कमी तेवढं क्लोरीन टाका, पंप किमान दोन तास. पहाटे पुन्हा मोजा आणि आकडा वहीत लिहा. स्टॅबिलायझर ३० असताना पहाटे ४ मिळालं, तर झाकण घातलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहसा अडीचच्या खाली जात नाही. आमच्या वहीत असंच दिसतं, तुमचा आकडा तुमच्या वहीतून काढा. गर्दीच्या रविवारी सकाळची तुकडी बाहेर पडल्यावर आणखी एकदा मोजा आणि कमी असेल तर झाकण घालण्याआधी भरून काढा.

स्टॅबिलायझर वाढलाच असेल तर

तो उकळून, उन्हाने किंवा फिल्टरने जात नाही. पाणी उडतं, तो मागेच राहतो. वरून पाणी भरलं तरी तो तेवढाच. तो कमी होतो फक्त पाणी बाहेर गेल्याने : बॅकवॉश, उसळून सांडलेलं पाणी, गळती किंवा मुद्दाम सोडलेलं. १२० वरून ४० वर यायचं तर तीनपैकी दोन हिस्से पाणी बदलावं लागतं. ८० वरून ४० ला निम्मं.

आकडा ६०-७० असेल तर पाणी फेकू नका. गोळ्या ताबडतोब बंद करा, हायपोवर या, क्लोरीन साडेसात टक्क्यांच्या नियमाने साडेचार-पाचवर ठेवा आणि बॅकवॉशचं पाणी नव्याने भरत हंगाम काढा. एखाद्या मुलाला पूलमध्ये पातळ जुलाब झाले तर मात्र सवलत नाही. अशा प्रसंगी क्लोरीन फार चढवून जंतू मारावे लागतात आणि अमेरिकेच्या सीडीसी संस्थेच्या सूचनेनुसार त्या वेळी स्टॅबिलायझर १५ पीपीएमच्या वर नको. मुलांच्या छोट्या पूलमध्ये मी म्हणूनच स्टॅबिलायझर टाकतच नाही. सावली करतो आणि क्लोरीन वारंवार मोजतो.

पाणी सोडायचंच असेल तर आधी तीन-चार दिवस क्लोरीन टाकणं बंद करा, ऊन ते फुकट काढून टाकेल. टेस्ट शून्य आली की ते पाणी अंगण, पार्किंग, गाड्या, संडासाच्या टाक्या यांना वापरा. एका वेळी एक तृतीयांशच सोडा. पूल पूर्ण रिकामा करू नका, विशेषतः पावसानंतर. काळी माती पाणी पिऊन फुगते, बाहेरून भिंतींना रेटते, आणि आतून पाण्याचा आधार नसेल तर भिंतीला तडा जातो.

हे काम आम्ही आता मेमध्ये करत नाही, सप्टेंबरसाठी राखून ठेवतो. आपल्याकडचा सगळ्यात जोराचा पाऊस त्याच महिन्यात. गणपती उठले की हंगामभर साचलेला आकडा मोजतो, पातळी ३० सेंटिमीटरने उतरवतो आणि गच्चीचं पाणी पन्हाळीने पूलकडे वळवतो. पहिल्या सरीचं मळकट पाणी मात्र बाहेर सोडून द्यायचं. पावसाच्या पाण्यात ना स्टॅबिलायझर ना चुना, त्यामुळे दोन्ही आकडे एकदमच उतरतात. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की पुन्हा मोजतो. गेल्या खेपेला ५५ चे ३८ झाले. मामांनी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली तारीख टाकली.